कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूर उत्सवाला जाण्याआधी नवे बँड, नवी पथकं कशी शोधायची?

उत्सव २३ ऑक्टोबरच्या आसपास असतो. कार्यक्रमपत्रिका आली की मोठी नावं सोडा, ती कळतातच. मी खालची बारीक अक्षरातली नावं यूट्यूबवर टाकतो, तीही कन्नड लिपीत. मराठीत निम्मी सापडतच नाहीत. (लिपी येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराकडून लिहून घ्या.) नाव नाहीच मिळालं तर वाद्य किंवा वादनप्रकार शोधा: करडी मजलू (करडी या ढोलाचा ताफा), डोळ्ळू (मोठा ढोल). कन्नड लोकरॉक गाणारा रघू दीक्षित आवडत असेल तर तो गातो ती संतकवी शिशुनाळ शरीफांची तीच पदं गावातल्या भजनी मंडळाकडून ऐका, मजा वेगळीच.

चौंडकं, म्हणजे यल्लम्माच्या गाण्यांचं एकतारी वाद्य, मात्र मोबाइलवर कळत नाही. त्यासाठी पौर्णिमेला सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर गाठा. काखेत धरलेलं, तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की गडगडत खाली येतो.