वडिलांची साखर आणि मुलीचा अभ्यासक्रम

डिचोलीहून एका वडिलांनी लिहिले आहे की, बारावी विज्ञान शाखेतील त्यांच्या मुलीला डीएनएभोवतीची प्रथिने इन्सुलिनवर कसा परिणाम करतात, यावर संशोधन करायचे आहे. घरात मधुमेह असल्याने तिने एमबीबीएसच करावे आणि नीटमध्ये गुण कमी पडल्यास वर्षभर घरी बसून ती पुन्हा द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे.

आदरणीय महोदय,

तुमच्या पत्रातील एका वाक्याने मी अस्वस्थ झाले: "ती डॉक्टर झाली की माझ्या साखरेकडे तीच बघेल." एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे लागतात, आणि तोवर तुमची साखर वाट पाहत थांबणार नाही. स्वतःचे उपचार मुलीच्या पदवीवर टांगून ठेवणे प्रेमापोटी घडले असले, तरी तो तिच्यावर अन्याय आहे आणि तुमच्या प्रकृतीला धोका आहे. याच आठवड्यात एचबीएवनसी तपासून घ्या; मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज त्यातून येतो. ही जबाबदारी तुमची आहे.

"मधुमेह जनुकांतच आहे, मग संशोधन कसले?" हे तुमचे म्हणणे चुकीचे आहे. इन्सुलिनचे जनुक शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, परंतु ते मुख्यतः स्वादुपिंडातील बीटा पेशींतच वाचले जाते, म्हणजे त्यावरून इन्सुलिन बनवले जाते. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो; या रचनेला क्रोमॅटिन म्हणतात, आणि ती कुठे सैल व कुठे घट्ट आहे यावर जनुकांचे वाचन बरेचसे अवलंबून असते. ग्लुकोज वाढले की पीडीएक्स-१ हे प्रथिन पी-३०० या विकराला (एन्झाइमला) इन्सुलिनच्या जनुकापाशी आणते. हे विकर हिस्टोनांना ॲसिटिल गट नावाच्या रासायनिक खुणा जोडते, त्यामुळे क्रोमॅटिन सैल होते आणि वाचन वाढते. उंदरांच्या बीटा पेशींतून डीएनएवरील मिथिल खुणा (जनुके बंद ठेवण्यास मदत करणाऱ्या रासायनिक खुणा) जपणारे डीएनएमटी-१ हे विकर काढून टाकले, तेव्हा त्या पेशी ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या, म्हणजे साखर वाढवणारे संप्रेरक तयार करणाऱ्या, अल्फा पेशींकडे झुकल्या. इन्सुलिनचे जनुक जागेवरच होते, तरी पेशीची ओळख बदलली. असा प्रश्न बारावीत पडणाऱ्या मुलीच्या ओढीला तुम्ही "खूळ" म्हणता, ते मला अजिबात पटले नाही.

आयसर या विज्ञान संशोधन संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, बिट्सच्या गोवा केंद्रासाठी बिटसॅट ही परीक्षा, किंवा बीएस्सी करून गोवा विद्यापीठात जैवतंत्रज्ञान, असे मार्ग आहेत. पीएचडीपर्यंतचा प्रवास लांबचा असतो आणि स्थिर पगार उशिरा सुरू होतो, हे तिलाही स्पष्ट सांगा. तिच्या संशोधनातून तुमच्यासाठी औषध निघेल, ही अपेक्षाही तिच्यावर लादू नका. नीट द्यावी असे तिला स्वतःला वाटले, तर ती देईल. वर्षभर घरी बसवण्याची अट मात्र आजच मागे घ्या आणि तसे तिला समोर बसवून सांगा.