मॉरिशसमधल्या ‘बेस्ट लूझर’ जागा म्हणजे अल्पसंख्याकांसाठी राखीव जागाच ना? त्या ठरतात कशा?

राखीव जागा नव्हेत. निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांपैकी काहींना समुदायांच्या समतोलासाठी संसदेत दिलेल्या या जादा जागा. मतदारयादी एकच, राखीव मतदारसंघ एकही नाही. तरी दर वेळी कुणीतरी ‘तिथलं आरक्षण’ म्हणून दाखला देतंच, म्हणून हिशेब मांडतो.

निवडणूक पद्धत ठरवायला नेमलेल्या १९६६ च्या बॅनवेल आयोगाची आखणी अशी: मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकी ३ सदस्य, रॉड्रिग्ज या छोट्या बेटाचे २, एकूण ६२. आयोगाने सुचवलेल्या, मतांच्या मानाने कमी जागा मिळालेल्या पक्षांसाठीच्या भरपाईच्या जागांवरून तिथला मजूर पक्ष अडला, तेव्हा लंडनहून आलेले ब्रिटिश मंत्री स्टोनहाउस यांनी तडजोड घडवली आणि ८ जादा जागा ठरल्या.

घटनेत समुदाय चार: हिंदू (तिथले मराठी यातच), मुस्लिम, चिनी आणि उरलेले ‘जनरल पॉप्युलेशन’. समुदायाची लोकसंख्या भागिले, जिंकलेल्या जागा अधिक एक. ज्याचा भागाकार मोठा, त्याला जागा. समजा, ४८,००० लोकांकडे ३ जागा आहेत: भागाकार १२,०००. २,१०,००० लोकांकडे २० आहेत: १०,०००. जागा पहिल्यांना. आता त्यांचा भागाकार ९,६०० वर येतो, म्हणून पुढची जागा दुसऱ्यांना. प्रत्येक जागेनंतर गणित नव्याने करायचं. इथेच लोक चुकतात. समुदाय ठरला की त्यातल्या पडलेल्यांपैकी आपल्या मतदारसंघात मतांची टक्केवारी सर्वाधिक असलेला आत. अपक्षाला संधी नाही. पहिल्या ४ जागा पक्ष न बघता. पुढच्या ४, पहिल्या चारमुळे विजयी पक्षाची घटलेली आघाडी भरून निघावी म्हणून. आकडे मात्र अजून १९७२ च्या जनगणनेचे, कारण पुढे जनगणनेतला समुदायाचा रकानाच काढला!

माझ्या मते खरा रोग वेगळाच आहे. मतदाराने बरोबर तीन मतं द्यायची, दोनच दिली तर मतपत्रिका बाद. मग लोक अख्खं त्रिकूट एकाच युतीचं निवडतात. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम या दोन पक्षांच्या युतीने दोन तृतीयांशांहून कमी मतांत मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा नेल्या. विरोधकांना पहिल्या ४ मिळाल्या. पुढच्या ४ वाटताच आल्या नाहीत, कारण विजयी युतीचा पडलेला उमेदवारच उरला नव्हता. १९९५ लाही मुख्य बेटावर ६०-०. समुदायांचा समतोल साधला म्हणून या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे दोन निकाल पाहावेत.

हो, उमेदवारावर समुदाय जाहीर करण्याची सक्ती वाईटच. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही ती दोषी ठरवली, २०१४ च्या निवडणुकीपुरती ती शिथिलही झाली. पण तीन मतांची सक्ती तशीच ठेवून फक्त या ८ जागा काढल्या, तर १९८२ सारख्या निकालात विरोधकांचे ते चौघेही सभागृहाबाहेर.