मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीसाठी कोणता लॅपटॉप?

आदरणीय महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या कन्येला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला असून मॅकबुक एअर घ्यावा की १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप, हे ठरत नाही; त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागणार असल्याने निर्णय चुकू नये, असे आपण कळवले आहे.

मॅकबुक एअर हलका आहे, त्याला पंख्याचा आवाज नाही आणि बॅटरीही दिवसभर साथ देते. कन्या कॉमर्सला गेली असती, तर मी तोच सुचवला असता. परंतु मेकॅनिकलला पुढे ज्यांवर हात बसवावा लागतो, ती यंत्रांचे भाग संगणकावर रेखाटण्याची आणि तपासण्याची सॉलिडवर्क्स, कॅटिया, ॲन्सिस ही सॉफ्टवेअर मॅकओएससाठी, म्हणजे मॅकबुकच्या कार्यप्रणालीसाठी, बनवलेलीच नाहीत. ऑटोकॅड आणि फ्यूजन ही रेखाटनाची सॉफ्टवेअर मॅकवर चालतात, हे खरे. पण प्रोजेक्टमधील इतर मुलांच्या फाइल सॉलिडवर्क्समध्ये असल्या, तर सबमिशनच्या आदल्या रात्री तिला मैत्रिणीचा लॅपटॉप मागत फिरावे लागेल. म्हणून माझा कौल विंडोजला आहे.

रॅमच्या बाबतीत मात्र १६ जीबीच्या खाली येऊ नका. गिअरबॉक्सची असेंब्ली पडद्यावर फिरवून दात नीट बसतात का हे पाहताना रॅम अपुरी पडली की चित्र अडखळते आणि मुलांची लागलेली तंद्री मोडते. रॅम पुढे वाढवता येईल का, हेही दुकानात विचारून घ्या. मॅकबुक एअरमध्ये ती सोय नाही.

तरीही ठेव आजच मोडू नका, असे मी कळकळीने सांगेन. प्रथम वर्षाचे बरेचसे विषय सर्व शाखांना सारखे असतात, प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांना साधा संगणकही पुरतो, शिवाय काही महाविद्यालयांत वर्षाअखेरीस शाखा बदलण्याची संधी असते. तिला महिनाभर कॉलेजला जाऊ द्या. लॅबमध्ये कोणती सॉफ्टवेअर आहेत आणि ती किती वेळ वापरता येतात, हे तिने वरच्या वर्गातील मुलींना विचारावे.

आपल्या सविस्तर पत्रात कन्येचे स्वतःचे म्हणणे कुठेच आलेले नाही. ग्राफिक्स कार्डवाले लॅपटॉप बहुधा दोन किलोंच्या पुढे असतात आणि त्यांचा चार्जरही जड असतो. खरेदीला जाताना तिला बरोबर न्या, तिची रोजची सॅकही घ्या, आणि दोन्ही वस्तू सॅकमध्ये घालून ती खांद्यावर अडकवून तिला दुकानाचा जिना चढू-उतरू द्या.