काखेतली आग आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ डबी

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ३४. रोज बदलापूरहून लोकलने सीएसएमटीला जाते. दिवाळीच्या सुमारास एका प्रदर्शनात नैसर्गिक डिओडरंटची डबी घेतली. खोबरेल तेल, मेण, आरारूट, खायचा सोडा, टी ट्री आणि लव्हेंडरचं तेल, एवढंच त्यात आहे. सुरुवातीला फारच छान वाटलं, संध्याकाळच्या गर्दीतही वास नाही. मग हळूहळू दोन्ही काखांत चुरचुरायला लागलं. आता लालसर-तपकिरी चट्टे आलेत, कातडी सुरकुतल्यासारखी दिसते आणि हात खाली घेतला की आग होते. विकणाऱ्या ताईंना फोन केला तर म्हणाल्या, “आधीच्या डिओतली विषं बाहेर पडतायत, महिनाभर सोसा, मुलतानी मातीचा लेप लावा.” सासूबाई म्हणतात, लिंबू चोळ. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, ती अजून उघडलेली नाही. जुन्या डिओने कॅन्सर होतो असं वाचल्यामुळे परत तिकडे वळायची भीती वाटते. काय करू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : डबी आजपासून बंद. लिंबू नको, मुलतानी माती नको. ट्यूब उघडली नाहीत हे फार बरं केलंत, तिच्याकडे नंतर येते.

विषं बाहेर पडतायत हे साफ खोटं. मुद्दाम खोटं बोलल्या असतील असं नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असतं. शरीरातला नको तो माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम अंग थंड ठेवण्यासाठी येतो, काखेतून ‘सफाई’ होत नसते. कुठलंही प्रसाधन लावल्यावर कातडी लाल होऊन आग होत असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, ती इजा आहे. आणि ‘महिनाभर सोसा’ या सल्ल्यात एक सोय आहे: महिन्याभराने डबी परत करायला कुणी जात नाही.

आता कारण. तुम्ही यादी लिहून पाठवलीत म्हणून सांगणं सोपं झालं. माझा पहिला संशय खायच्या सोड्यावर. निरोगी कातडीचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्ल असते. काखेत थोडा जास्त. सोड्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर. ही मोजपट्टी अशी आहे की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा तीन अंक म्हणजे हजारपट. कातडीवरचं आम्ल आवरण रोज असं मोडत राहिलं की तिची ओल धरून ठेवायची ताकद जाते. त्यात सोड्याचे कण खरखरीत, काख घडीची जागा, आणि लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहायचं म्हणजे घर्षण आलंच. सुरुवातीचे दिवस बरे जातात आणि मग एकाएकी आग सुरू होते, ती यामुळे. इजा रोज थोडी थोडी साठत असते.

सोडा वासावर चालतो, हे मात्र खरं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जंतू त्यातले पदार्थ फोडतात तेव्हा तो येतो. सोड्यामुळे त्या जंतूंना तिथलं वातावरण मानवत नाही. पण तुमच्या कातडीलाही ते मानवत नाही.

दुसरा संशय टी ट्री आणि लव्हेंडरवर. ही तेलं हवा लागून जुनी होत गेली की त्यांत तयार होणाऱ्या घटकांची अ‍ॅलर्जी येण्याची शक्यता वाढते, आणि बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली, रोज उघडली जाणारी डबी म्हणजे त्याला पूर्ण वाव. दोन्हींत फरक असा की सोड्याच्या इजेत आग जास्त आणि चट्टा लावलेल्या जागेपुरता. अ‍ॅलर्जीत खाज जास्त, बारीक पुरळ, कधी ते काखेबाहेर दंडाकडे सरकतं, आणि एकदा बरं झाल्यावर तीच वस्तू पुन्हा लावली की दोनेक दिवसांत परत उठतं. तुम्ही आग लिहिलीत, खाज लिहिली नाहीत, म्हणून सोडा पहिला.

आणखी एक गोष्ट आरशासमोर हात वर करून बघा. चट्टा काखेच्या अगदी खोल खळग्यात आहे की कडेने? खळग्यात असेल तर लावलेल्या वस्तूचा दोष. खळगा स्वच्छ आणि कडेची गोलाई लाल असेल, तर कपड्याच्या रंगाचा किंवा कापडावरच्या प्रक्रियेचा संशय घ्यावा, कारण कापड घासतं ते कडेलाच. चट्ट्याची कड गोल, उठावदार आणि मध्ये कातडी साफ दिसत असेल तर नायटा. हे पत्रातून मला दिसत नाही, तुम्हाला दिसेल.

ट्यूबचं नाव तुम्ही कळवलं नाहीत, पण दुकानात ‘खाज आहे’ म्हटलं की काय हातात पडतं ते मला रोज ओपीडीत दिसतं: तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकाच नळीत. स्टिरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी ती सर्रास मिळतात. काखेची कातडी पातळ, वर घडी पडलेली, त्यामुळे औषध आत भरपूर शिरतं. चार दिवसांत आराम वाटतो. महिनाभर लावत राहिलं तर गर्भारपणात पोटावर पडतात तसे पट्टे काखेत पडतात आणि ते जात नाहीत. आणि मुळात नायटा असेल तर तो आतून पसरतो, वर मात्र ओळखू येईनासा होतो.

मग करायचं काय? आठवडाभर काखेत फक्त साधं पाणी, साबण बाकीच्या अंगाला. सकाळ-संध्याकाळ सुती रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटं काखेत धरा. बर्फ नको. मग टिपून कोरडं करा (घासू नका) आणि साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. रेझर आणि वॅक्सिंग दोन्ही बंद. घरी असताना सैल, सुती, बिनबाह्यांचं घाला. ऑफिसचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच असणार. पर्समध्ये एक जास्तीचा सुती कुर्ता ठेवा, पोचल्यावर ओल्या रुमालाने काख पुसून कपडा बदला. पॉलिएस्टरमध्ये वास सुतीपेक्षा जास्त धरतो, तेव्हा निम्मं काम तिथेच होतं.

आठवड्यात उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, दुखरी गाठ आली असेल तर आठवडाभरही थांबू नका. अ‍ॅलर्जीचा संशय राहिला तर पॅच टेस्ट करता येते: पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. सुईबिई नसते.

काळपटपणा मात्र लगेच जाणार नाही. आपल्या सावळ्या कातडीवर जळजळीनंतरचा डाग काही महिने राहतो. तो घालवायला स्क्रब, गोरं करणारी क्रीम किंवा लिंबू चोळलंत तर नवी जळजळ आणि नवा डाग. सासूबाईंना सांगा, लिंबू सरबतात घालू.

कॅन्सरची भीती. घाम रोखणाऱ्या डिओतल्या, म्हणजे घामरोधकातल्या अ‍ॅल्युमिनिअममुळे स्तनांचा कॅन्सर होतो, असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. मॅमोग्राफीच्या दिवशी डिओ लावू नका असं सांगतात, त्याचं कारण वेगळं आहे: त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. पण एक लक्षात घ्या, सुगंधाची अ‍ॅलर्जी असेल आणि जुना डिओ सुवासिक असेल, तर तोही चालणार नाही.

कातडी पूर्ण बरी झाल्यावर नवं काही आणायचं असेल तर त्यात सोडा नको आणि सुगंध नको. डबीवर ‘अनसेंटेड’ वाचून समाधान मानू नका, कधीकधी मूळ वास झाकायला त्यातही सुगंध घातलेला असतो; ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधा. आधी ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावा. काही उठलं नाही तरच काखेत. रेझर फिरवल्या दिवशी लावायचं नाही. घामरोधक घेतलंत तर रात्री कोरड्या काखेला लावा, तेव्हा घाम कमी असल्याने ते नीट बसतं.

आणि ‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल’ असं पुन्हा कुणी म्हणालं, तर बिब्ब्याची आठवण करून द्या. तो थेट झाडावरूनच येतो, आणि त्याने अंगावर उठलेले फोड मी पाहिलेत.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा, नाशिकला असतो. दाढीनंतर आणि काखेतही वर्षानुवर्षं तुरटी फिरवतो. मुलगी म्हणते, बाबा, तुरटीत अ‍ॅल्युमिनिअम असतं, बंद करा. खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असतं. आपली नेहमीची तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनिअमचं सल्फेट. ‘क्रिस्टल डिओडरंट’ म्हणून महाग विकतात तोही बहुधा हाच खडा, आणि त्याच्यावर ‘अ‍ॅल्युमिनिअम-फ्री’ लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. तुम्हाला वर्षानुवर्षं सोसतेय तर सोडायची गरज नाही. खडा ओला करूनच फिरवा आणि टोकदार कडा पाण्याखाली चोळून गुळगुळीत करा, नाहीतर बारीक ओरखडे पडतात. कापलेल्या जागेवर किंवा चट्ट्यावर नको. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर मात्र तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.