अमेरिकेच्या आधी दिल्ली, अन् दिल्लीच्या आधी बी.ए.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातले. लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन सीझनपासून वडस्याच्या एका नाट्य मंडळात काम करते. आता म्हणते, अमेरिकेत जाऊन नाटक-सिनेमा करायचा. एका एजंटानं तिकडच्या ऑडिशनसाठी अडीच लाख मागितले. धानाचे चुकारे आले की द्यावे काय? गावातले लोक तर आत्ताच नावं ठेवतात. – एक वडील

उत्तर : भाऊ, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. तिकडचा खरा एजंट काम मिळाल्यावर मानधनातून आपला वाटा घेतो, साधारण दहा टक्के. आधीच पैसे मागतो तो कसला एजंट! शिवाय पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे पैसे घेऊन काम करता येत नाही. कलाकारांसाठी ओ-१ नावाचा व्हिसा आहे, पण तो नाव कमावलेल्यांचा. पुरस्कार, गाजलेली कामं, छापून आलेलं असे पुरावे त्याला लागतात.

लेकीचं स्वप्न मात्र खुळं नाही. अभिनेत्री जोहरा सेहगल १९६२ मध्ये लंडनला गेल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या, मागे पृथ्वी थिएटरची चौदा वर्षं होती. तरीही तिथे त्यांनी ओल्ड विक थिएटरात नटांना कपडे चढवायचं काम केलं. त्यांना ओळख देणारी ‘द ज्वेल इन द क्राउन’ ही मालिका आली ती थेट १९८४ मध्ये. अभिनेते सईद जाफरी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले ते नाट्यशिक्षण घ्यायला, अन् त्याआधी दिल्लीत स्वतःची नाट्यसंस्था चालवून गेले. एवढी तयारी असूनही वाट पाहावी लागली, हे लेकीला जरूर सांगा.

झाडीपट्टीनं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीनं, तिला बरंच दिलंय. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गर्दीपुढे रात्रभर उभं राहायचं, थंडीत पहाटेपर्यंत आवाज टिकवायचा, लोकं उठायला लागली की प्रवेश सावरायचा, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पण एक सवय मोडावी लागेल : प्रॉम्प्टरची. आपल्याकडे तालमी कमी अन् नाटकं जास्त, म्हणून विंगेतून आलेलं वाक्य उचलून तेच रंगवून म्हणायची कला पोरांना साधते. ऑडिशनला विंगेत कोणी नसतं. दोन-तीन स्वगतं मुखोद्गत हवीत, तीही माईकशिवाय, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांसमोर. तिथे मंडईच्या जत्रेतला चढा आवाज अंगावर येतो. तिला आतापासूनच घरात, चारच लोकांसमोर, हळू आवाजात बोलून पाहू द्या.

पुढचा टप्पा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, निवड झालेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पदवी लागते, निदान सहा नाटकांचा अनुभव लागतो, हिंदी-इंग्रजीची जाण लागते. म्हणून बी.ए. मध्येच सोडायची नाही. तिथं नाही जमलं तर मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. परदेशी शाळा त्यानंतर बघू, अन् तीही शिष्यवृत्ती मिळाली तरच. शेती गहाण टाकून नाही.

नावं ठेवणाऱ्यांचं म्हणाल, तर झाडीपट्टीचेच कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेवढं सांगा अन् विषय सोडा.

सध्या एवढं करा. तिचं नाव छापलेली प्रत्येक जाहिरात अन् पोस्टर जपून ठेवा, अन् मंडळाच्या मालकाकडून केलेल्या नाटकांचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. होळीच्या आतच मागा. सीझन संपला की मालक हाती लागत नाहीत.