जुन्या गाडीच्या बॅटरीचे झिजलेले टर्मिनल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सुरू झाला की जुन्या गाड्यांच्या बॅटरीविषयी विचारणा वाढते. त्यांपैकी टर्मिनलच्या जोडांविषयीचे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. गॅरेजमध्ये दोन्ही भागांना सर्रास ‘टर्मिनल’ म्हणतात. गोंधळ टाळण्यासाठी पुढे बॅटरीवरील शिशाच्या खुंटाला पोस्ट आणि केबलच्या टोकाशी असलेल्या पकडीला क्लॅम्प म्हटले आहे.

प्रश्न : माझी मारुती ८०० ही २००६ सालची आहे. बॅटरी मागच्याच वर्षी नवी घेतली, तरी सकाळी कधीकधी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि सेल्फ फिरत नाही. दिवे आणि हॉर्न व्यवस्थित चालतात. क्लॅम्प हाताने हलवला की गाडी लगेच चालू होते. त्यावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूडही साचते. बॅटरीच खराब निघाली का? (चिपळूण)

उत्तर : नव्या बॅटरीची घाई करू नका. क्लॅम्प हलवल्यावर गाडी चालू होते, यातच निम्मे निदान आले. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात, तर लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते १५० अँपिअर ओढतो. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये काळपट थर साचून तेथे अवघा ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तर दिवे लावल्यावर त्या जोडात ०.१ व्होल्ट पडतो आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. सेल्फच्या वेळी मात्र तोच जोड १ ते १.५ व्होल्ट खाऊन टाकतो. रोध याहून वाढला की सॉलिनॉइड (सेल्फचा विद्युतचुंबकी स्विच) कसाबसा ओढला जातो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि मोटर जागची हलत नाही. क्लॅम्प हलवल्याने थर कुठेतरी खरवडला जातो, तेवढ्यापुरती वाट मोकळी होते, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

खात्री करून घेण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. तो डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक पोस्टच्या माथ्यावर आणि दुसरे त्याच पोस्टच्या क्लॅम्पवर टेकवा, आणि दुसऱ्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. टोक क्लॅम्पला न लागता नेमके शिशाच्या पोस्टलाच लागले पाहिजे, कारण मोजायचा आहे तो या दोहोंमधील व्होल्टेजचा फरक. सेल्फ ओढत असताना आकडा शून्याच्या जवळपास राहिला पाहिजे, तो ०.१ व्होल्टच्या वर गेला तर तो जोड उघडून साफ करणे आवश्यक आहे. दोन्ही पोस्टवर हीच चाचणी घ्या. बॅटरीचे म्हणणे वेगळे ऐकायचे असेल, तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही पोस्टमधील व्होल्टेज मोजा. ते १२.६ च्या आसपास असेल तर चार्जिंग पूर्ण आहे.

साफ करताना दहाच्या पान्याने आधी ऋण बाजूचा क्लॅम्प सोडवावा, मग धन बाजूचा. क्लॅम्प निघत नसेल तर त्याला खालून स्क्रूड्रायव्हरची तरफ लावू नये, वरून हातोडीही मारू नये. पोस्टचा आतील प्लेटांशी असलेला सांधा त्याने तडकतो. नट ढिला करून क्लॅम्पच्या फटीत स्क्रूड्रायव्हर हलकेच फिरवला की तोंड उघडते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी पुडीवर ओता. फेस यायचा थांबला म्हणजे आम्ल संपले. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये, म्हणून पाण्याची बुचे आधी घट्ट लावून घ्या. त्यानंतर पोस्टची बाहेरची आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. कानस मात्र लावू नका. शिसे मऊ असते, आणि प्रत्येक वेळी कानस फिरली की पोस्ट थोडी बारीक होते. घासताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण ती धूळ शिशाची आहे.

पुडीच्या रंगाकडेही लक्ष द्या. पांढरी पूड मुख्यतः लेड सल्फेटची असते, पण हिरवट-निळी छटा तांब्याची आहे. म्हणजे आम्लाने केबलच्या तारांनाच हात घातला आहे. कोकणातील खारी, दमट हवा हे काम जलद करते, पण मूळ कारण बॅटरीतून बाहेर पडणारे आम्ल हेच असते. साफसफाईनंतर महिना-दोन महिन्यांत पूड पुन्हा दिसू लागली, तर इंजिन चालू ठेवून चार्जिंगचे व्होल्टेज मोजा. ते १३.८ ते १४.४ असावे, १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) दाखवा. ते ठीक असेल, तर पोस्टच्या बुडाशी असलेले सील गळत असावे, आणि बॅटरी वॉरंटीत असेपर्यंतच ती विक्रेत्याकडे नेणे शहाणपणाचे.

प्रश्न : जुन्या झेनच्या धन बाजूचा क्लॅम्प पूर्ण आवळूनही हाताने फिरतो. मेकॅनिकने आधी पत्र्याची पट्टी घातली, ती काळी पडली. आता तो पोस्टमध्ये खिळा ठोकू या म्हणतो. मध्यंतरी गाडीला दुसऱ्याच मापाची बॅटरी होती. (सांगली)

उत्तर : खिळा अजिबात ठोकू देऊ नका. पोस्ट फुगते खरी, पण ती फाटते, बुडाचे सील उघडते आणि तेथून आम्ल झिरपू लागते. पत्र्याची पट्टीही आम्लात गंजते आणि जोडात नवा रोध तयार करते.

तुमच्या शेवटच्या वाक्यात बहुधा कारण दडलेले आहे. झेनसारख्या जपानी घडणीच्या गाड्यांना बारीक पोस्टची बॅटरी येते. तिची धन पोस्ट बुडाशी सुमारे १४.७ मिलिमीटर आणि ऋण पोस्ट १३ मिलिमीटर असते. युरोपीय पद्धतीच्या जाड पोस्टची हीच मापे १९.५ आणि १७.९ मिलिमीटर आहेत. जाड पोस्टवर बसवण्यासाठी कोणीतरी क्लॅम्प फाकवला किंवा बदलला असेल, तर बारीक पोस्टला तो धरणारच नाही. नट आवळल्यावर क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकतात का, ते पाहा. टेकत असतील तर त्यापुढे कितीही जोर लावला तरी पकड वाढत नाही, फक्त बोल्ट तुटतो.

तात्पुरता आणि तरीही रास्त उपाय म्हणजे पोस्टवर चढवायची शिशाची टोपी. बॅटरीच्या दुकानात ती किरकोळ किमतीत मिळते, आणि शिशावर शिसे असल्याने नवा गंज सुरू होत नाही. कायमचा उपाय म्हणजे योग्य मापाचा नवा क्लॅम्प. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. केबल कापून, सोललेल्या तारा दोन बोल्टच्या पट्टीखाली दाबायच्या, अशा धर्तीचे क्लॅम्प सर्वत्र मिळतात. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरते ते ठीक आहेत, परंतु उघड्या तांब्यात आम्लाची वाफ शिरते आणि इन्सुलेशनच्या आत बरीच लांबपर्यंत तार काळी पडत जाते. त्यापेक्षा केबल लालसर, चमकणारे तांबे दिसेपर्यंत मागे कापा, तिच्यावर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) योग्य हत्याराने दाबून बसवा, वरून तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा आणि ती थिंबल क्लॅम्पच्या बोल्टवर घट्ट करा. हातोडीने चेपलेली थिंबल वरून पक्की दिसते, आत तारा मोकळ्याच असतात. कापल्यामुळे केबल आखूड पडत असेल तर ताणून बसवू नका, तेवढ्याच जाडीची नवी केबल घाला. ताणलेली केबल प्रत्येक खड्ड्यागणिक पोस्टला ओढत राहते.

प्रश्न : क्लॅम्प बसवण्याआधी ग्रीस लावावे की नंतर? (नाशिक)

उत्तर : नंतर. आधी धातूवर धातू कोरडा, स्वच्छ आणि घट्ट बसू द्या. मग बाहेरून व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो. त्याचे काम वीज वाहून नेणे नसून हवा आणि आम्लाची वाफ बाहेर ठेवणे हे आहे. पोस्टच्या बुडाशी घालायच्या गंजरोधक द्रव्य लावलेल्या फेल्टच्या चकत्या मिळाल्या तर जरूर वापरा.

प्रश्न : जुन्या डिझेल जीपला दोन्ही क्लॅम्प नवे घातले, बॅटरीही चांगली आहे, तरी सेल्फ जड फिरतो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते. हा काय प्रकार आहे? (नागपूर)

उत्तर : ती गरम केबल तुम्हाला दोष कोठे आहे तेच सांगते आहे. सेल्फमधून गेलेला करंट इंजिनच्या धडातून परत बॅटरीच्या ऋण पोस्टकडे यावा लागतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते आणि चॅसिस यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची अर्थची पट्टी असते. ही पट्टी तुटली, तिच्या बोल्टखाली गंज चढला, किंवा डेंटिंग-पेंटिंगनंतर ती रंगावरच आवळली गेली, की करंट मिळेल त्या वाटेने परततो, आणि अ‍ॅक्सिलरेटरची बारीक पोलादी केबल ही त्यांतली एक वाट आहे. तसेच चालू राहिले तर तिचे आवरण वितळून केबल अडकू शकते, आणि हा धोका गाडी चालू न होण्यापेक्षा गंभीर आहे.

मल्टिमीटरचे एक टोक ऋण पोस्टवर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थची बाजू दोषी धरा. पट्टीची दोन्ही टोके आणि ऋण केबलचे बॉडीकडील टोक सोडवून, खालचा धातू उघडा करून पुन्हा आवळा. पट्टी हिरवी पडून ठिसूळ झाली असेल तर नवीच घाला.

प्रश्न : अल्टरनेटर चार्ज करतो का, हे पाहण्यासाठी आमचा मेकॅनिक चालू इंजिनवर अ‍ॅम्बॅसडरचा क्लॅम्प काढतो. हे योग्य आहे का? (पुणे)

उत्तर : नाही. ही सवय अल्टरनेटर येण्यापूर्वीच्या, डायनॅमोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवरचा भार असा एकाएकी तुटला की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळी घेते. त्यात त्याचे डायोड आणि रेग्युलेटर जाऊ शकतात. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि नेमक्या त्याच जागी ठिणगी उडते. बॅटरीचा असा स्फोट झाला तर आम्ल थेट तोंडावर येते. मेकॅनिकला जे पाहायचे आहे, ते मल्टिमीटर क्लॅम्पला हात न लावता दाखवतो.

इंजिन बंद करून क्लॅम्प काढतानाही क्रम पाळावा. बॉडी ऋण पोस्टला जोडलेली असल्याने आधी ऋण काढायचा आणि बसवताना तो शेवटी लावायचा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. हातातील धातूचे कडे, अंगठी आणि घड्याळ उतरवून ठेवा. आपल्याकडे हौसेने जपलेल्या १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मात्र बॉडीला धन पोस्ट जोडलेली असते. तेथे क्रम उलटा होतो, म्हणून पाना लावण्यापूर्वी कोणती केबल बॉडीला गेली आहे, ती डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहून घ्या.