इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नोकरी लागली आहे. शहरात राहावं की हिस्टनसारख्या जवळच्या जुन्या गावात?

सायन्स पार्कमध्ये नोकरी, दहा पूर्ण झालेली मुलगी, आणि ‘गावात एकटं पडायला होईल का’ ही धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर हिस्टनलाच घर बघा. मी काही वर्षं इथं भाड्यानं राहतोय आणि शहरात जायचा विचार नाही.

गवती छपराची चार घरं, मधे चर्च आणि संध्याकाळी सहानंतर सामसूम, असं चित्र डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. हिस्टन आणि त्याला चिकटलेलं इम्पिंग्टन मिळून आठ-नऊ हजारांची वस्ती आहे. एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं, हे चालताना कळतही नाही. दोघांची पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था, तीही एकच. गावाच्या मधोमध हिरवळ आहे, ओढा आहे, बदकं आहेत, जुने पब आहेत. मध्ययुगीन चर्च दोन, आणि गंमत म्हणजे दोन्ही सेंट अँड्र्यूचीच. सतराव्या शतकातला प्रसिद्ध इंग्रज डायरीकार सॅम्युअल पेप्स याच्या चुलत घराण्याचा वाडा इम्पिंग्टनला होता. तो १९५० च्या दशकात पाडला. दवाखाना, औषधांचं दुकान, लायब्ररी गावातच आहे, त्यामुळे रोजच्या कामांसाठी शहर गाठावं लागत नाही.

पण हे गाव नुसतं बघण्यापुरतं जुनं राहिलं नाही, त्याचं श्रेय जॅमला. चिव्हर्स हे इथलं फळबागवालं कुटुंब. त्यांनी १८७३ साली इथं जॅम करायला घेतला आणि रेल्वे स्टेशनाशेजारी कारखाना वाढत गेला. बागा, कारखाना, कामगारांची विटांची घरं असं सगळं त्याभोवती उभं राहिलं. आसपासची काही गावं फक्त झोपायला घरी येणाऱ्यांची झाली आहेत. हिस्टनला पूर्वीपासून स्वतःचा पोटापाण्याचा धंदा होता, म्हणून स्वतःचा स्वभावही आहे.

आता मुलीची शाळा. तुमच्या जागी मी असतो तर एवढ्या एका कारणासाठी इथं आलो असतो. हेन्री मॉरिस नावाचे केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी होते. १९२४ मध्ये त्यांनी अशी कल्पना मांडली की खेड्यातली शाळा दिवसा मुलांची असावी आणि संध्याकाळी मोठ्यांची. वर्ग, सभागृह, वाचनालय सगळं एकाच आवारात, म्हणजे खेड्यातली माणसं शहराकडे पळणार नाहीत. त्यातलं पहिलं ‘व्हिलेज कॉलेज’ १९३० मध्ये सॉस्टनला झालं. इम्पिंग्टनचं १९३९ मध्ये, आणि मी म्हणतोय ती शाळा हीच. त्याचा आराखडा केला वाल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी. ग्रोपियस म्हणजे बाउहाउस या जर्मनीतल्या नामवंत कला-वास्तुकला शाळेचे संस्थापक. नाझी जर्मनी सोडून ते इंग्लंडला आले होते आणि ही इमारत पुरी व्हायच्या आत अमेरिकेला गेलेही. ठेंगणी, विटांची, मोठाल्या खिडक्यांची इमारत आहे. आज ती ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या संरक्षित यादीत आहे, आणि पोरं तिच्यात डबे खातात, दप्तरं आपटतात. मला हे फार आवडतं. सप्टेंबरात इथल्या सातवीत (माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष, मुलं अकरा वर्षांची असतात) जायचं असेल तर त्याआधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो, आणि प्रवेशात राहत्या पत्त्याला वजन असतं. म्हणून घराची घाई करा.

घर कुठलं घ्यावं? गवती छपराच्या, बुटक्या दारांच्या घराच्या प्रेमात पडू नका. फोटो छान येतात, पण संरक्षित इमारतीत खिडक्या बदलायलाही परवानगी लागते आणि हिवाळ्यात हीटिंगचं बिल डोळे पांढरे करतं. जुन्या भागाला ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’चे, म्हणजे जुनं रूप जपायचे नियम आहेत. अंगणातलं बऱ्यापैकी झाड छाटायचं तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. (घरमालकानं परस्पर काही कापायला सांगितलं तर आधी हे विचारा.) १९५० ते ७० दरम्यानचं साधं जोडघर बघा. दिसायला कंटाळवाणं, राहायला उत्तम.

ऑफिसला जायला गाइडेड बस-वे आहे. जवळच्या सेंट आयव्हज गावाकडे जाणारी जुनी रेल्वेलाइन उखडून तिथं काँक्रीटचे दोन पट्टे टाकले. २०११ पासून त्यावरून बस धावते आणि त्या पट्ट्यावर ड्रायव्हरला स्टिअरिंग धरावंही लागत नाही. शेजारून पक्का सायकलरस्ता जातो. सगळा मुलूख सपाट, त्यामुळे चढ नाही, पण समोरून वारा सुटला की तो चढापेक्षा वाईट. सायकल घ्याच. गाडीनं जायचं तर गाव आणि शहर यांच्यामध्ये ए-१४ हा मोठा रस्ता आडवा येतो आणि सकाळी तिथं जीव जातो. त्याच्या बाजूच्या घरांना रहदारीची घरघर दिवसभर ऐकू येते, हेही घर बघताना ध्यानात ठेवा.

एकटं पडण्याचं म्हणाल, तर इथली माणसं आपणहून दार वाजवणार नाहीत. मात्र तुम्ही कुठं तरी नाव घातलंत की भराभर ओळखी होतात: संध्याकाळचे वर्ग, उन्हाळ्यातली ‘फीस्ट’ म्हणजे गावजत्रा, फुटबॉल क्लब, किंवा भाड्यानं मिळणारा भाजीचा वाफा. मेथी आणि कोथिंबीर उन्हाळ्यात मस्त येते, आणि शेजारच्या वाफ्यावरच्या आजोबांना ‘हे काय लावलंय’ म्हणून विचारल्याशिवाय राहवत नाही. मसाले, पोहे, कढीपत्ता यांसाठी शहरातला मिल रोड. गणपतीला, दिवाळीला आपल्या माणसांत जायचं तर शहरात जावं लागेल, ते खरं.

भाडं शहरापेक्षा फार कमी असेल अशी आशा मात्र धरू नका. शिवाय कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, भाडेकरूच भरतो, तेव्हा जाहिरातीत घराचा बँड (कर ठरवणारा गट) कोणता आहे ते बघून मगच हिशोब करा.